अंधारातली आंघोळ : कालची आणि आजची

दिवसभराच्या कामाने अंग आंबून गेले की रात्री न्हाणीघरातला दिवा मालवायचा, दाराला कडी लावायची आणि अंधारातच कोमट पाण्याखाली दहा-पंधरा मिनिटे निवांत उभे राहायचे, ही विश्रांतीची एक रीत अलीकडे शहरात बरीच बोलली जाते. आमच्या भोर-वेल्ह्याकडच्या एखाद्या म्हातारीला ही गोष्ट सांगितली तर ती तोंडाला पदर लावून हसेल. "यात नवं काय गं बाई? आमचा सारा जलम अंधारातच न्हाण्यात गेला," असेच ती म्हणेल.

म्हातारीचे हसणे खरे आहे आणि शहरात नोकरी करणाऱ्या तिच्या नातीची ही नवी सवयही खरी आहे. अंधार तोच, पाणीही तेच. तरी या दोन आंघोळींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ते अंतर कशाने पडले आणि आपल्या कष्टकरी घरांनी त्यातून काय घ्यावे, याचा विचार आज करू.

भिंत नव्हती म्हणून अंधार

भोर आणि वेल्हे हा रोहिडा, रायरेश्वर, राजगड, तोरणा या गडांच्या पायथ्याचा मुलूख. (वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला. लोकांच्या तोंडी मात्र वेल्हेच बसले आहे.) पाऊस इथे मुसळधार. पण आपली वस्ती गावाच्या कडेला, पाणवठा वेगळा, आणि घर म्हणजे कारवीचा कूड नि वर गवताचे नाही तर कौलाचे छप्पर. माणसांना पाय पसरून निजायला जिथे जागा अपुरी, तिथे न्हाणी कुठून येणार?

पुरुषांचे भागत असे. ते ओढ्यावर जात, विहिरीवर चार बादल्या शेंदून अंगावर घेत. बायकांनी काय करायचे? घरामागे एक सपाट दगड, तीन बाजूंनी गोणपाट किंवा जुन्या लुगड्याचा आडोसा, आणि चौथी बाजू उघडीच. म्हणून तांबडे फुटण्याआधी उठायचे, चुलीवर पाणी ठेवायचे, विसण घालायचे आणि गाव जागे व्हायच्या आत चार तांबे अंगावर ओतून घ्यायचे. पहाट चुकली तर मग थेट दिवेलागणीनंतर. अंधार हीच तिची भिंत आणि अंधार हीच तिच्या दाराची कडी. डोळ्यांना दिसत नसे, म्हणून कान सारखे वाटेकडे लागलेले. पाऊल वाजले की ओल्या अंगालाच लुगडे गुंडाळून घरात शिरायचे. पाळी असो, ताप असो, थंडीचा कडाका असो, यात सूट नव्हती.

त्या आंघोळीने अंगाचा मळ निघत असेल, पण मनाचा शीण निघत नव्हता. भीतीने आखडलेले अंग पाण्याने मोकळे होत नाही.

आंघोळ नावाचे हत्यार

आपल्या देशात आंघोळ ही नुसती अंग धुण्याची गोष्ट कधीच नव्हती. आपल्या वाडवडिलांचा स्पर्श झाला, सावली पडली, तर लोक घरी जाऊन आंघोळ करीत. आपण माणूस नाही हे सांगण्याची ती एक पद्धत होती. आणि त्याच वेळी आपल्याला स्वच्छ राहायला पाणी मिळू द्यायचे नाही, आणि वर 'हे लोक घाणेरडे' म्हणून नाक मुरडायचे, हाही त्याच व्यवस्थेचा न्याय होता.

भोरहून वरंध घाट उतरला की महाड लागते. तिथे २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर तिथल्या सनातन्यांनी काय केले? पंचगव्याच्या घागरी ओतून तळे 'शुद्ध' करून घेतले. गुरांनी पाणी प्यायले तर तळे बाटत नव्हते, माणसांनी प्यायले तर बाटत होते! तळ्यावरचा आपला हक्क उच्च न्यायालयात कायम व्हायला १९३७ साल उजाडावे लागले.

पाण्याने पावित्र्य येते या समजुतीला आपल्या धम्माने फार पूर्वीच उत्तर दिले आहे. थेरीगाथेत पुण्णा नावाची थेरी आहे. ती अनाथपिंडिकाच्या घरची पाणी भरणारी दासी. मालकिणींच्या माराच्या धाकाने कडाक्याच्या थंडीतही तिला नदीत उतरावे लागे. पाप धुण्यासाठी गारठ्यात बुडी मारणाऱ्या एका ब्राह्मणाला तिने विचारले, की आंघोळीने पाप जात असेल तर बेडूक, कासवे, पाणसाप हे सारे स्वर्गातच जाणार काय? आणि नदी पाप वाहून नेत असेल तर पुण्यही नेईल, त्याचे काय? शाळेची पायरी न चढलेल्या पाणक्या बाईने धर्मशास्त्राची ही अशी उलटतपासणी केली. आपल्या मुलींना ही पुण्णा माहीत असायला हवी.

मग आंघोळ कशासाठी? अंगाच्या स्वच्छतेसाठी, आरोग्यासाठी आणि आरामासाठी. एवढीच तिची खरी कारणे आहेत आणि ती पुरेशी आहेत. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. वैशालीला भिक्खूंना गोडाधोडाचे जेवण रोज मिळू लागले आणि त्यांची शरीरे जड झाली, दुखणी वाढली. तेव्हा वैद्य जीवकाने तथागतांना दोन गोष्टींना परवानगी द्यावी अशी विनंती केली. एक, फेऱ्या मारायला चंक्रमणाची वाट आणि दुसरी, जंताघर म्हणजे गरम न्हाणीघर. तथागतांनी दोन्हींना अनुमती दिली. पुढे त्या जंताघराला दार असावे, धूर जायला वाट असावी, असे बारीकसारीक नियमही झाले. थकल्या शरीराला ऊब आणि आडोसा हवा, ही गोष्ट धम्माने क्षुल्लक मानली नाही.

बाबासाहेब आणि खाणीच्या तोंडावरचा शॉवर

शॉवर म्हटले की आपल्याला बंगले आणि हॉटेले आठवतात. पण या देशात कष्टकऱ्याच्या अंगावर शॉवरचे पाणी पडावे हा विचार कायद्यात कोणत्या काळी आला, हे पाहण्यासारखे आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कोळशाच्या खाणीतला मजूर पाळी संपवून वर येई तो नखशिखांत काळा होऊन. त्याच अवस्थेत तो घरी जाई. १९४६ साली खाणीच्या तोंडाशी न्हाणीघरे असावीत, त्यांत शॉवर असावेत आणि कपडे ठेवायला कपाटे असावीत, यासाठी कोळसा खाणींचे खास नियम आले. त्याच वर्षी कारखाना कायद्याच्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले.

या दोन गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत. कामाला शेवट असावा आणि काम संपल्यावर माणसाला अंग धुऊन, स्वच्छ कपडे घालून माणसासारखे घरी जाता यावे. आराम हा मालकाने केलेला उपकार नव्हे, मजुराचा हक्क आहे. म्हणून आपल्या घरातली एखादी मुलगी कारखान्यातून थकून आली आणि "मला पंधरा मिनिटे कुणी हाक मारू नका" म्हणाली, तर ती चैन करीत नाही. तिच्या आजीला न मिळालेला हक्क ती वापरते आहे.

दिवा मालवल्याने होते काय?

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. आपल्या शरीरात एक घड्याळ असते आणि ते उजेड-अंधारावर चालते. या घड्याळाच्या संशोधनाला २०१७ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. संध्याकाळ झाली की मेंदूतून मेलाटोनिन नावाचा रस स्रवू लागतो आणि शरीर झोपेच्या तयारीला लागते. डोळ्यांवर प्रखर दिवा पडत राहिला की हा रस आटतो. न्हाणीघरातली पांढरी ट्यूब, हातातला मोबाईल, समोरचा टीव्ही ही सारी त्या घड्याळाला "अजून दिवसच आहे" असे सांगत असतात. दिवा मालवला की हे खोटे सांगणे थांबते.

दुसरी गोष्ट पाण्याची. कोमट पाणी अंगावर पडले की हातापायांच्या कातडीकडे रक्त धावते, अंगातली उष्णता बाहेर निघते आणि थोड्या वेळाने शरीर आतून निवते. शरीर निवू लागले की झोप येते. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. झोपण्याच्या एक-दोन तास आधी ४० ते ४२ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या गरम पाण्याने दहा मिनिटे आंघोळ केली तरी झोप लवकर लागते, सरासरीने दहाएक मिनिटे लवकर, असे त्यांना आढळले. म्हणजे निजण्याच्या अगदी आधी नव्हे, तर जेवणापूर्वी किंवा स्वयंपाक आवरल्यावर केलेली आंघोळ अधिक उपयोगी.

तिसरी गोष्ट मनाची. डोळे कामातून मोकळे झाले की स्पर्श आणि आवाज पुढे येतात. पाणी मानेवरून पाठीवर कसे उतरते, खांद्याची गाठ कशी सैल होते, श्वास कसा लांबतो, हे अंधारात नीट कळते. समोर आरसा नाही, पडलेले कपडे दिसत नाहीत, न घासलेली बादली दिसत नाही. घरातल्या बाईच्या नजरेला एरवी सतत काम दिसत असते. अंधारात ते काम थोडा वेळ तरी तिच्यापुढून हटते. वेदनांकडे आणि श्वासाकडे जागरूकपणे पाहणे ही आपल्या धम्माचीच शिकवण आहे. तिला वेगळी खोली लागत नाही. न्हाणीघरही पुरते.

तिसऱ्या पाळीवरून सकाळी घरी येणाऱ्यांनीही हे करून पाहावे. खिडकीवर जाड कापड टाकावे, दिवा लावू नये, कोमट पाण्याने आंघोळ करावी आणि अंधार केलेल्या खोलीत निजावे. शिरवळ, खेड-शिवापूरच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्या आपल्या पोरांना याचा गुण येईल.

पण हे झोपेचे औषध नव्हे, हेही सांगून ठेवतो. कित्येक आठवडे झोप लागत नसेल, मन सारखे खचत असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर आंघोळीवर भागवू नका. सरकारी दवाखान्यात दाखवा, किंवा सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. मनाचे दुखणे हे दुखणेच आहे, त्यात लाज नाही.

पाणी कुणाचे?

शॉवरची गोष्ट करताना पाण्याची गोष्ट टाळता येत नाही. पुणे शहराच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा भाग पानशेत आणि वरसगावच्या धरणांतून खडकवासल्याला येतो. म्हणजे पुण्याच्या शॉवरमधून सुटते ते वेल्ह्याच्या डोंगरावर पडलेले पाणी. भोरचे भाटघर धरण तर इंग्रजांच्या काळातले. त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, फलटणच्या उसाला जाते. आणि ज्या डोंगरांनी हे पाणी दिले तिथल्या वाड्या-वस्त्यांवर उन्हाळ्यात आजही बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. धरणाचे पाणी डोळ्यांसमोर चमकते आणि घशाला कोरड. आपल्याच भागातून पुण्याला गेलेल्या कित्येक भगिनी तिथल्या इमारतींतली न्हाणीघरे घासून पोट भरतात, हेही विसरता येत नाही.

२०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनचे माप आहे माणशी रोज ५५ लिटर. साध्या शॉवरमधून मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सहज जाते. दहा मिनिटांत माणशी माप संपून वर उधारी! म्हणून आमचे म्हणणे असे, की विश्रांतीसाठी शॉवरच हवा असे नाही. एक बादली गरम पाणी, त्यात बेताचे विसण, एक तांब्या, बसायला पाट आणि पाय घासायला वजरी. दिवा मालवून, सावकाश, एकेक तांब्या मानेवरून सोडावा. एका बादलीत तोच आराम मिळतो.

सांभाळायचे काय?

अंधार निवांत असावा, आंधळा नसावा. मिट्ट काळोख करू नये. दाराच्या फटीतून बाहेरच्या दिव्याची तिरीप येईल एवढा उजेड ठेवावा. दिवा मालवण्यापूर्वी साबण, तांब्या, टॉवेल हाताशी ठेवून घ्यावेत आणि फरशीवर शेवाळ नाही ना ते पाहावे. म्हाताऱ्या माणसांनी, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, गरोदर भगिनींनी आणि चक्कर येणाऱ्यांनी दिवा लावूनच, पाटावर बसून आंघोळ करावी.

गावाकडच्या दगडी न्हाणीत आधी बॅटरीचा झोत सगळीकडे फिरवावा. ओल्या कोपऱ्यात विंचू असतो, मोरीच्या तोंडाशी मण्यार किंवा घोणस येऊन बसते. चावल्यास मंत्र-तंत्रात वेळ दवडू नका, १०८ ला फोन करून दवाखाना गाठा.

पाणी तापवायची विजेची कांडी वापरत असाल तर आधी बटण बंद, मग पिन बाहेर, आणि मगच बादलीला हात. गॅसचा गीझर बंद न्हाणीघरात कधीही नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईड वायूला वास नाही, रंग नाही. माणूस कधी बेशुद्ध पडतो ते कळतही नाही आणि अशाने आपल्या राज्यात बळी गेलेले आहेत. गीझर बाहेर बसवा, खिडकी उघडी ठेवा. जंताघराला धूर जायची वाट हवी हे ज्यांनी अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितले त्यांचे आपण अनुयायी आहोत.

आणि रात्री न्हाले की बाधा होते, अमक्या वारी डोके धुवू नये, अंधारात पाण्यापाशी हडळ असते, या गोष्टी आता तरी सोडाव्यात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हडळीला जागा नाही.

आधी न्हाणी, मग रंग

शेवटी एक आग्रहाची गोष्ट. आपल्या अनेक कुटुंबांना रमाई आवास योजनेतून घरकुल मिळते. २६९ चौरस फुटांच्या त्या घरात काय काय बसवायचे याची ओढाताण आम्ही जाणतो. पैसे संपत आले की पहिली काट बसते ती न्हाणीघरावर. दर्शनी भिंतीला निळा रंग लागतो, दारावर 'जयभीम' झळकते आणि मागे बाईसाठी पुन्हा तोच गोणपाटाचा आडोसा. असे करू नका. रंग पुढच्या वर्षी लावता येईल. न्हाणीघराला चार भिंती, वर झरोका, खाली पाण्याला वाट आणि दाराला आतून कडी, हे आधी करा.

आणि ते झाले की घरातल्या पुरुषांनी आणखी एक गोष्ट करावी. रोज रात्री पंधरा मिनिटे पोरांना आपल्याकडे घ्यावे, उरलेली भांडी आपण घासावीत, आणि घरातल्या बाईला हाक मारू नये. आई असो, बायको असो, सून असो, लेक असो. ती दिवा लावून न्हाईल की मालवून, ते तिचे ती ठरवील. तिच्या आजीला अंधाराशिवाय दुसरी भिंत नव्हती. हिच्यापाशी भिंत असावी, कडी असावी, आणि दिव्याचे बटण हिच्या हातात असावे.

जयभीम.